आऽब्लो की आब्लोऽ? तक्त्यांबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

स्पॅनिशच्या नियमित क्रियापदांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी प्रतिक्रिया लिहिलीत, तिला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून थोडा वेळ घेतला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगते. एक, मी तक्त्यांवर तक्ते दिले, शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेतात तसे, आणि तक्ते पाठ होऊनही तुमचं तोंड उघडत नाही. दोन, ‘मी बोलते’ आणि ‘तो बोलला’ या दोन्हींसाठी मी ‘आब्लो’ हेच छापलं आहे. तीन, दोन भूतकाळांतला फरक मी ‘बोलले’ आणि ‘बोलत होते’ एवढ्यात उरकला. त्यावर विसंबून तुम्ही ‘आम्ही दहा वर्षं नाशिकला राहत होतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये लिहिलंत आणि क्लासमध्ये त्यावर लाल रेघ आली. शिवाय तुमच्याकडच्या मेक्सिकन पुस्तकात ‘बोलत होते’च्या काळाचं नावच वेगळं आहे. आणि चौथं, तेनेर (जवळ असणे), आसेर (करणे) अशी रोज लागणारी क्रियापदं जर अनियमितच असतील, तर नियमितांवर एवढा वेळ कशाला घालवायचा?

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. ‘आब्लो’ असं दोन्हीकडे छापणं म्हणजे वाचकाच्या हातात अर्धाच शब्द देणं. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, त्यामुळे देवनागरीत ते दाखवायची कधी गरजच पडली नाही. स्पॅनिशमध्ये मात्र तेवढ्यावर माणूसही बदलतो आणि काळही. यापुढे जोर असलेल्या अक्षरापुढे मी अवग्रह लिहीन. आऽब्लो म्हणजे मी बोलते, आब्लोऽ म्हणजे तो किंवा ती बोलली. कोऽम्प्रो, मी विकत घेते. कोम्प्रोऽ, त्याने विकत घेतलं. अवग्रह दिसला म्हणून स्वर लांबवायचा नाही, त्या अक्षरावर आवाज जरा दाबून टाकायचा. स्पॅनिश लिपीत आब्लोऽच्या शेवटच्या ओ वर तिरकी रेघ असते ती हेच सांगते. मोबाइलवर घाईत लिहिताना ती रेघ गाळू नका. ‘मी घेते’ आणि ‘त्याने घेतलं’ यांत तेवढाच काय तो फरक आहे.

हे एकदा कानात बसलं की तक्ता पुष्कळ सोपा होतो. नियमित क्रियापदाच्या वर्तमानकाळात एकवचनाच्या तिन्ही रूपांत जोर धातूवर असतो: आऽब्लो, आऽब्लास, आऽब्ला. साध्या भूतकाळात तो सरकून प्रत्ययावर जातो: आब्लेऽ, आब्लाऽस्ते, आब्लोऽ. प्रत्यय पाठ करण्याआधी हे सरकणं ऐकायला शिका.

देवनागरीची बाजूही मांडायला हवी, कारण तुम्ही तिला अगदीच मोडीत काढलंत. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे. ‘मी शोधलं’ हे स्पॅनिश लिपीत लिहिताना क चं अक्षर बदलावं लागतं, म्हणून कित्येक विद्यार्थी हे क्रियापद अनियमित समजून वेगळ्या वहीत उतरवतात. देवनागरीत लिहून बघा: बुस्काऽर, बुऽस्को, बुस्केऽ. काहीच बदललं नाही. पागाऽर, पागेऽ (पैसे देणे). येगाऽर, येगेऽ (पोहोचणे). कानाला ही क्रियापदं पूर्ण नियमित आहेत, बदलतं ते फक्त लेखन, आणि तेही उच्चार तोच राहावा म्हणून. हे आपल्या लिपीत चटकन दिसतं.

आता भूतकाळ. तुमची नाराजी इथे सगळ्यात जास्त आहे आणि मलाही इथेच जास्त लिहायचं आहे.

‘आब्लाऽबा’ म्हणजे ‘बोलत होते’ हे मी लिहिलं ते खोटं नाही, पण तो त्या काळाचा एक कोपरा झाला. मराठीत या अर्थासाठी आपल्याकडे एक नाही, निदान तीन रूपं आहेत. मी बोलत होते. मी बोलायचे. आणि जुन्या वळणाचं, अजून गोष्टींमध्ये जिवंत असलेलं: ती रोज पहाटे उठे, जात्यावर बसे, ओव्या गाई. शाळेच्या व्याकरणात ई-आख्यात म्हणून जे शिकलो, ते हेच. या तिन्हींसाठी स्पॅनिशमध्ये एकच रूप चालतं. आजी ओव्या गाई, आजी गायची, आजी गात होती: मि आबुएऽला कांताऽबा. आणि काल लग्नात आजी गायली, तर आबुएऽला कांतोऽ. मी ‘बोलायचे’ सोडून फक्त ‘बोलत होते’ दिलं आणि मराठी वाचकाच्या हातातली सगळ्यात चांगली किल्ली लपवून ठेवली. ‘-यचे’ लावून वाक्य जमत असेल तर बहुतेक वेळा स्पॅनिशमध्ये ‘-आबा’ किंवा ‘-ईआ’ येतं, ही खूण माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. मूळ लेखातच ती यायला हवी होती.

या काळाच्या नावाचा गोंधळ तुमच्या पुस्तकाचाही नाही आणि माझाही नाही. स्पेनमध्ये याला ‘इम्पेर्फेऽक्तो’ म्हणजे अपूर्ण म्हणतात. काराकासला जन्मलेल्या आणि पुढे चिलीत स्थायिक झालेल्या आन्द्रेस बेयो यांनी १८४७ साली लॅटिन अमेरिकेतल्या वाचकांसाठी व्याकरण लिहिलं, त्यात काळांना नवी नावं दिली. मेक्सिकोच्या शाळांत ती अजून चालतात. त्यांनी या काळाला ‘कोप्रेतेऽरितो’ म्हटलं: सहभूत, दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या सोबतीने चाललेला. मला हे नाव ‘अपूर्ण’पेक्षा फार नेमकं वाटतं. दार वाजलं तेव्हा मी जेवत होते. दार वाजणं ही घटना झाली, जेवण तिच्या सोबत चालू होतं. जेवण पुढे पूर्ण झालं की अर्धवट राहिलं, याच्याशी काही देणंघेणं नाही.

तुमचं नाशिकचं वाक्य इथेच अडलं. माझ्या ओळीवरून तुम्ही समजलात की जे लांबलचक चाललं ते ‘-ईआ’ने सांगायचं. पुष्कळ पुस्तकांतून हा समज पसरतो आणि तो मोडायलाच हवा. काळाची लांबी इथे मोजली जात नाही. दहा वर्षं असोत की दहा मिनिटं, तुम्ही त्या काळाला दोन्हीकडून कुंपण घातलंत, ‘एवढं झालं आणि संपलं’ असं सांगितलंत, की साधा भूतकाळ येतो. मराठीतही आपण ‘दहा वर्षं राहिलो’ म्हणतोच. पण मराठी इथे सैल आहे, ‘दहा वर्षं राहत होतो’ही तिला चालतं. स्पॅनिशला चालत नाही. म्हणजे वर सांगितलेली ‘-यचे’ची खूण भरवशाची, पण ‘-त होते’ची नाही. हा भेद मी केला नव्हता आणि त्याचा फटका तुम्हाला बसला.

तुमचंच वाक्य थोडं वाढवून बघू:

बिबीऽमोस दिएऽस आऽन्योस एन नाशिक. बिबीऽआमोस सेऽर्का देल गोदावरी. मि आबुएऽला कांताऽबा. उन दीऽआ मि पाऽद्रे बेन्दिओऽ ला काऽसा.

आम्ही दहा वर्षं नाशिकला राहिलो. गोदावरीजवळ राहायचो. आजी गायची. एके दिवशी वडिलांनी घर विकलं. एकच ‘राहणे’ पहिल्या वाक्यात कुंपणाच्या बाहेरून पाहिलं आहे आणि दुसऱ्यात आतून. (आणखी एक: बिबीऽमोस हे ‘राहतो’ही आहे आणि ‘राहिलो’ही. आब्लाऽमोसचंही तेच. ज्यांचं मूळ रूप ‘-एर’ने संपतं त्या गटात मात्र कोमेऽमोस, खातो, आणि कोमीऽमोस, खाल्लं, असे वेगळे आहेत. जिथे रूप सारखं तिथे स्पॅनिश माणूसही आजूबाजूच्या शब्दांवरूनच ओळखतो, त्याच्याकडे वेगळी युक्ती नाही.)

याच काळांची आणखी एक जोडी मला फार आवडते. कोनोसेऽर म्हणजे एखाद्याला ओळखणे. ‘मी तिला ओळखत होते’ हे कोनोसीऽआ, आणि कोनोसीऽ म्हणजे ‘माझी तिच्याशी ओळख झाली’. क्रियापद तेच, फक्त काळ बदलला आणि अर्थ असा सरकला. मराठीने हे दोन अर्थ दोन वेगळ्या रचनांनी आधीच वाटून ठेवले आहेत, म्हणून मराठीतून विचार केला तर इथे अडखळायचं कारणच नाही. इंग्रजीतून स्पॅनिश शिकायला गेलं की मग पानभर स्पष्टीकरण लागतं.

वडिलांनी घर विकलं, या वाक्यापाशी मात्र आपल्याला जपावं लागतं. आईने पोळी केली, आईने पोळ्या केल्या. मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. शिकत असताना मी एकदा ‘माझ्या बहिणीने तीन पत्रं लिहिली’ याचं भाषांतर करताना ‘एस्क्रिबिएऽरोन’ असं अनेकवचनी रूप लिहिलं होतं, कारण पत्रं तीन होती. प्रत्यय मला घडाघडा पाठ होते, एकही चुकला नव्हता. चुकलं ते मराठी वाक्याचा सांगाडा तसाच उचलून नेल्यामुळे. बहीण एक, म्हणून एस्क्रिबिओऽ. स्पॅनिश क्रियापद प्रत्येक काळात कर्त्याशीच बांधलेलं असतं, कर्माकडे बघतही नाही. आणि लिंगाकडेही नाही: मी बाई असो वा पुरुष, बोलते-बोलतो दोन्ही आऽब्लोच. अर्थात यात तक्त्याचाही दोष नाही, पण तक्ता ही चूक पकडू शकत नाही. तुमच्या पहिल्या मुद्द्यातलं जे खरं आहे ते मला इथे दिसतं.

तरीही तक्ता टाकून द्या असं मी म्हणणार नाही. लहान मूल वर्षानुवर्षं दिवसभर भाषा ऐकत असतं. नोकरी सांभाळून आठवड्याला तीन तास काढणाऱ्या मोठ्या माणसाला ते मिळत नाही, त्याला कुठेतरी एकत्र मांडलेलं पान लागतं. फक्त ते पान वाचायची दिशा मी चुकीची दिली. वरून खाली सहा पुरुष चालवत गेलात की तोंडात नुसती लय बसते, ‘रामः रामौ रामाः’सारखीच. आडवं वाचा. एकच माणूस घ्या, आधी ‘मी’, आणि त्याला सगळ्या काळांतून न्या: आऽब्लो, आब्लेऽ, आब्लाऽबा, आब्लारेऽ (बोलते, बोलले, बोलायचे, बोलेन). कोऽमो, कोमीऽ, कोमीऽआ, कोमेरेऽ. बीऽबो, बिबीऽ, बिबीऽआ, बिबिरेऽ. माणूस बोलायला लागतो तो बहुधा स्वतःबद्दल, म्हणून पहिल्या महिन्यात ही बारा रूपं पक्की झाली तरी पुष्कळ. आणि प्रत्येक रूपापुढे ‘यो’, म्हणजे ‘मी’, लावत बसू नका. ‘येते हं’ म्हणताना आपण ‘मी’ कुठे म्हणतो? प्रत्ययातच माणूस आहे. स्पॅनिशचंही तसंच, ‘यो’ येतो तो ‘मीच’ किंवा ‘मी तर’ म्हणायचं असेल तेव्हा. एक सवलत आहे: आब्लाऽबा ‘मी’लाही आणि ‘ती’लाही सारखंच, तिथे घोटाळा होत असेल तर जरूर घाला.

शेवटचा मुद्दा, अनियमित क्रियापदांचा. ही क्रियापदं वाटतात तेवढी अनियमित नाहीत. आत्ता ज्या ‘-आबा, -ईआ’ काळाबद्दल एवढं लिहिलं, त्यात अख्ख्या भाषेत अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे). तुम्ही नावं घेतलेली तेनेर आणि आसेर तिथे अगदी सरळ चालतात, तेनीऽआ, आसीऽआ. भविष्यकाळात तर प्रत्यय कुणाचेच बदलत नाहीत, डझनभर क्रियापदांचा आणि त्यांच्यापासून झालेल्यांचा धातू तेवढा थोडा आखडतो.

भविष्यकाळ इतका शिस्तीचा का, यालाही कारण आहे. आब्लारेऽ हा मुळात दोन शब्दांचा जोड आहे: आब्लाऽर (बोलणे) आणि ए (माझ्याकडे आहे). ‘मला बोलायचं आहे’च्या जवळची रचना, ती बोलता बोलता चिकटून एक झाली. आन्तोनिओ दे नेब्रिखा यांनी १४९२ साली सालामांकाला स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण काढलं, त्यातच ही फोड दिली आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोन तुकड्यांच्या मध्ये सर्वनामही बसत असे, आणि पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते अजून बसतं. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांनी ते पाहिलेलं असेल. पूर्ण क्रियापदामागे प्रत्यय लागतो म्हणूनच आर, एर, ईर या तिन्ही गटांचे भविष्यकाळाचे प्रत्यय एकच आहेत.

आणि हा काळ मराठी माणसाला आणखी एका जागी घरचा वाटेल. ‘किती वाजले असतील?’ यात भविष्य काहीच नाही, अंदाज आहे. ‘ती आत्ता घरी असेल.’ स्पॅनिशमध्येही असंच भविष्यकाळाचं रूप वापरतात: एस्ताराऽ एन काऽसा. असेल म्हणजे एस्ताराऽ, शब्दाला शब्द.

मूळ लेखात आज एवढे बदल केले: सगळ्या रूपांना अवग्रह लावले, भूतकाळाच्या तक्त्यात ‘बोलायचे’ची ओळ घातली, आणि ‘-त होते’बद्दलचा इशारा नाशिकच्या उदाहरणासकट दिला. तुमची हरकत असेल तर उदाहरण बदलते. आणि ते चार वाक्यांचं नाशिक पुढे वाढवून पाठवाल का? घर विकल्यावर काय झालं, तिथून सुरू करा. जोराच्या खुणा विसरू नका.