वाढदिवसाला तळ्यात मासे सोडू नका

परवा आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. एका मित्राचा चाळिसावा वाढदिवस आहे. यंदा केक नको, हारतुरे नकोत, सगळ्यांनी मिळून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जायचं आणि तिथल्या तळ्यांत मत्स्यबीज सोडायचं. खाली धडाधड अंगठे, "एक नंबर", "नाद खुळा". मी एकट्यानं लिहिलं, "कृपा करून हे करू नका." मग जे ऐकून घ्यावं लागलं ते राहू दे. मित्राचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण दोन ओळींत सांगून भागणारी गोष्ट नाही ही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. जरा वेळ काढून वाचा.

मी बोलतोय कारण मी स्वतः हे केलंय.

करवीर तालुक्यातलं आमचं गाव. लहानपणापासून रविवारचा दिवस गळ टाकण्यात गेला, कधी पंचगंगेवर, कधी गावतळ्यावर. तळ्यात मरळ होती, वाम होती, शिंगटा होता, आणि फडक्यात धरता येईल अशी बारकी मासोळी तर ढिगानं. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं झुबक्यानं वर यायची आणि बरोबर त्यांच्या खाली मोठी मरळ राखणीला असायची. तेव्हा गळ टाकायचा नाही, हा आमच्या तळ्यावरचा न लिहिलेला कायदा होता.

तरुण मंडळात आल्यावर आम्ही वर्गणी काढून रोहू, कटला आणि मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, नारळ फोडला, फोटो काढले. हे तिन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्या कृष्णा-पंचगंगेचे नव्हेत, हे तेव्हा आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आपण त्यांना आता गावठीच समजतो. पिशव्यांतून चिलापीची पिल्लं आली की मागनं कुणी आणून टाकली, देव जाणे. तीन-चार वर्षांत गळाला चिलापीशिवाय काही लागेना. चिलापी तोंडात अंडी उबवते आणि वर्षातून कितीदा तरी वीण घालते. तिच्यापुढं बारक्या मासोळीचा काय निभाव लागणार?

आणि मग ती श्रावणातली पहाट. तीन दिवस ऊन पडलं नव्हतं. साडेपाचला गावाकडनं फोन आला, "तळ्यावर ये." जाऊन बघतो तर सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं. कटल्याचे रुंद जबडे वर येऊन उघडत होते, मिटत होते. वारा नव्हता, त्यामुळं चपचप चपचप असा आवाज काठावर स्पष्ट ऐकू येत होता. शेवाळानं पाणी हिरवं झालेलं, आणि त्यात ती पांढरट तोंडं. काही मासे कुशीवर कलंडले होते, कल्ले लालचे तपकिरी झालेले. आमचे एक भोई मामा काठावर उकिडवे बसले होते. मी म्हटलं, "मामा, विषबिष घातलं का कुणी?" ते म्हणाले, "विष कुठलं रं लेकरा, पाण्यातला वाराच संपलाय."

पुढं पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की मामांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. गटारीचं पाणी, गोठ्यांचं पाणी, उसाच्या फडातला युरिया तळ्यात उतरला की शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, पण रात्रभर स्वतःच तो ओढतं. तळाशी मेलेलं शेवाळ कुजतं, ते उरलासुरला खातं. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट, आणि आभाळ आलेलं असेल तर संपलंच. मरळ वर येऊन हवा घेऊ शकते, चिलापी चिवट असते, बाकीचे जातात. म्हणजे त्या पाण्यात आम्ही मासे सोडले नव्हते, मरायला घातले होते. हे मनाला लागलं, आजही लागतं.

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर रोज फिरायला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी सगळा तलाव ऑइलपेंट ओतल्यासारखा हिरवा झाला होता, पदपथावर नाकाला रुमाल लावून चालावं लागायचं, ते आठवत असेल. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच होतं, "मासे सोडा, शेवाळ खातील." नाला तसाच चालू ठेवून!

आता जरा लांब जाऊ. आल्प्सच्या पायथ्याला, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये कॉन्स्टन्स नावाचं सरोवर आहे. खोली अडीचशे मीटर. आल्प्सच्या कडेच्या अशा थंड, खोल सरोवरांत व्हाईटफिश नावाचे मासे राहतात. हिमयुग सरल्यावर एकेका सरोवरात त्यांच्या वेगवेगळ्या जाती घडल्या. कुणी काठाला अंडी घालतं, कुणी खोल तळाशी. कुणी हिवाळ्यात, कुणी उन्हाळ्यात. एकाच पाण्यात, पण प्रत्येकाची खोली वेगळी आणि हंगाम वेगळा, म्हणून जाती वेगळ्या राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर या सरोवरांत सांडपाणी आणि धुण्याच्या पावडरीतला फॉस्फरस उतरला. १९८० च्या सुमारास कॉन्स्टन्समध्ये तो लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता. शेवाळ वाढलं, मेलं, तळाला गेलं आणि तिथला प्राणवायू खाऊन बसलं. तळाशी घातलेली अंडी गुदमरली. खोलवरचे मासे वर सरकले, काठाच्या माशांत मिसळले, त्यांचा संकर झाला. एक मासा मेला तर दिसतो, पाण्यावर तरंगतो. दोन जाती विरघळून एक झाल्या तर काहीच तरंगत नाही. २०१२ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की स्वित्झर्लंडच्या सरोवरांतल्या व्हाईटफिशच्या जाती सरासरी ३८ टक्क्यांनी घटल्या आहेत.

कॉन्स्टन्समध्ये खोल पाण्यात राहणारी किल्श नावाची एक जात होती. १९७० च्या दशकानंतर ती कुणाला सापडली नाही. आणि लक्षात घ्या, ते देश झोपले नव्हते. सरोवर वाचवायला आंतरराष्ट्रीय आयोग १९५९ सालीच नेमला होता. मैलाशुद्धीकरण केंद्रं उभारली, स्वित्झर्लंडनं १९८६ साली कपड्यांच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंदी घातली. आज तिथला फॉस्फरस लिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आत आहे, पाणी स्वच्छ आहे. पण किल्श परत आला नाही. शास्त्रज्ञांनी जुने जपून ठेवलेले खवले काढून त्यातला डीएनए तपासला, तेव्हा किल्शचे काही अंश आजच्या इतर जातींच्या रक्तात सापडले. तेवढाच तो उरला.

आपल्याकडं बोलताना सगळे म्हणतात, "आधी होऊ दे, मग साफ करू." हे वाक्य ऐकलं की मला किल्श आठवतो.

त्या सरोवराचं दुखणं अजून संपलेलं नाही. गेल्या दशकात काटेरी पाठीचा स्टिकलबॅक नावाचा एवढासा बाहेरचा मासा खोल पाण्यात पसरला. तो व्हाईटफिशची अंडी आणि पिल्लं खातो. शेवटी १ जानेवारी २०२४ पासून तीन वर्षं व्हाईटफिश धरायलाच बंदी करावी लागली.

आता मसाईच्या विषयाकडं येतो.

आल्प्समध्ये आणखी वर, बर्फाच्या शेजारी, हजारो छोटी तळी आहेत. धबधब्यांमुळं तिथं मासा कधी पोचलाच नव्हता. तिथलं राज्य बेडकांचं, किड्यांचं, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचं. माणसानं तिथं ट्राउट नेऊन सोडला, काही ठिकाणी पाचशे वर्षांपूर्वी, काही ठिकाणी अगदी गेल्या शतकात, पर्यटकांनी गळ टाकावा म्हणून. इटलीच्या ग्रान पाराडिसो राष्ट्रीय उद्यानात असाच अमेरिकेतला मासा सोडला होता. त्यानं डोळ्यांना दिसतील एवढे बहुतेक जीव खाऊन टाकले. शेवटी उद्यानानं काही तळ्यांतून जाळी लावून, विजेचा झटका देऊन एक-एक मासा बाहेर काढला. कित्येक वर्षं लागली. मासे गेल्यावर बेडूक आणि किडे परत यायला लागले.

मसाईवर जुलैत गुडघे टेकून एखाद्या डबक्यात बघितलंय का कधी? जांभ्याच्या खड्ड्यात वीतभर पाणी. पाच मिनिटं हलायचं नाही. आधी काही दिसत नाही, मग बेडकांची पिल्लं दिसतात, मग चतुराची अळी चिखलातनं सरकते, पाणकिडे वर येऊन हवेचा बुडबुडा घेऊन खाली जातात. अशा सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, नशीब असेल तर काचेसारखी पारदर्शक, पाठीवर उलटी पोहणारी बारकी कोळंबीसारखी जीवं दिसतात. त्यांची अंडी उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. हे सगळे तिथं आहेत कारण तिथं मासा नाही.

तिथं आपण बोटुकली सोडली तर ती आधी हे सगळं फस्त करतील. आणि पाऊस संपून डबकी आटली की तीही मरतील. डासांसाठी गप्पी सोडूया, असंही ग्रुपवर एकानं सुचवलंय. मसाईवर डासांच्या अळ्या खायला चतुराच्या अळ्या आहेत. गप्पी गावातल्या टाकीत ठीक आहे, सड्यावर नको.

"आपल्या मातीतला मासा सोडला तर?" असंही विचारलं गेलं. त्यालाही उत्तर आहे. १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्रीय नोंद झालेला आपला महाशीर लोणावळ्याला पैदास करून कावेरीत नेऊन सोडला. चांगल्याच भावनेनं. तो तिथं इतका वाढला की कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर मागं रेटला गेला, आणि २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. एका नदीचा भूमिपुत्र दुसऱ्या नदीत पाहुणा नसतो, घुसखोर असतो.

मित्रा, तुझ्या वाढदिवसाला काहीतरी करायचंच आहे ना? मग आपल्या गावातल्या तळ्याला मिळणारी एक गटार वळवायला लागूया. तीन महिने लागतील, ग्रामपंचायतीत पाच फेऱ्या होतील, फोटो चांगला येणार नाही. पण पहाटेचा वारा पाण्यात राहील. आणि भोई मामांसारखी जी चार जुनी माणसं अजून आहेत, त्यांच्याजवळ बसून कुठल्या डोहात कुठला मासा असायचा ते लिहून काढूया. मी वही आणलीय. मामांनी पहिल्याच बैठकीत सतरा नावं सांगितली, त्यातली सहा मी आयुष्यात ऐकली नव्हती.

रविवारी मसाईला मी येणार आहे. पिशव्या आणू नका. एक भिंग आणा, आणि बसायला पोतं.