मिरची आणि पोपटाची वाचा : एक खुलासा

पोपटाला रोज हिरवी मिरची दिली की त्याची जीभ सुटते आणि तो लवकर बोलू लागतो, हा सर्वत्र फिरणारा दावा खरा नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने आपली जीभ भाजते, पण पक्ष्यांच्या मज्जातंतूंना ते जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून पोपट मिरची आवडीने खातो, इतकेच. त्याचा आवाजही मुळात जिभेतून निघत नाही, तर श्वासनलिका जिथे दुभागते तिथल्या सिरिंक्स या अवयवातून निघतो. जीभ त्याला केवळ आकार देते.

पोपट बोलतो ते सोबतीसाठी. थव्यातले पोपट एकमेकांच्या हाका उचलतात आणि घरात माणसे हाच त्याचा थवा असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून अ‍ॅलेक्स या आफ्रिकन राखी पोपटाला शिकवले, तेव्हा दोन माणसे त्याच्यासमोर वस्तूंची नावे विचारत आणि सांगत, आणि बरोबर नाव उच्चारल्यावर त्याला तीच वस्तू मिळे. काही पोपट मात्र कधीच बोलत नाहीत, आणि बोलावे म्हणून त्यांना उपाशी ठेवणे ही निव्वळ क्रूरता आहे. पोपटाच्या डोळ्यातली बाहुली झपाट्याने लहानमोठी होत असेल, तर तो उत्तेजित आहे असे समजून हात मागे घ्यावा. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, तर पशुवैद्य गाठावा.

पाळण्याविषयीचा हा सल्ला परदेशी जातींपुरता आहे. आपला कंठवाला पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.