घरपट्टी माफ, पण फक्त जीआरमध्ये

माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ, राज्य सरकारचा 2020 चा निर्णय (जीआर) आहे. तरी दरवर्षी बिल येतंच! मग अण्णांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, सगळं पिशवीत कोंबून परत घरपट्टीच्या त्याच खिडकीवर जायचं आणि आतला पोरगा मोबाईलमधून मान वर न करता विचारणार, "आजोबा, यंदाचा दाखला कुठाय?" अरे, यंदा ते माजी सैनिक राहिले नाहीत का? बहात्तराव्या वर्षी परत भरती झाले काय? गेल्या वर्षीची फाईल सापडत नाही म्हणे, साहेब मीटिंगला (कायमच!), झेरॉक्सवर सही राहिली. आणि 15 ऑगस्टला हेच लोक शाल-नारळ घेऊन दारात हजर. सात शाली झाल्यात घरात, त्या घेता का घरपट्टीत वळत्या करून?