वसंत आपोआप येतो, मंडळीतली नवी पिढी नाही

पुनरुत्थानदिनाचा, म्हणजे ईस्टरचा, उपदेश तयार करताना झाडांच्या पालवीकडे बोट दाखवून ‘ख्रिस्तही असाच उठला’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो मी कटाक्षाने टाळतो. पालवी फुटणे हा झाडाचा स्वभाव आहे. कबरेतून उठणे हा कोणत्याही मृत देहाचा स्वभाव नाही. दक्षिण गोलार्धातील ख्रिस्ती मंडळ्या तर हा सण पानगळीच्या दिवसांत साजरा करतात आणि त्यामुळे त्यांच्या आनंदात काही उणे राहत नाही. तरीही सणाची तारीख वसंताशी बांधलेली आहे, हेही खरे. इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या नायसिया परिषदेनंतर रूढ होत गेलेल्या नियमाप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा पुनरुत्थानाचा रविवार ठरतो. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे सरकतो. त्याच ऋतूत इस्राएल लोक जवाची पहिली पेंढी देवापुढे आणीत असत, आणि प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिताना ख्रिस्ताला प्रथमफळ, म्हणजे पिकाचा पहिला वाटा, म्हटले, ते हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच. पहिली पेंढी आली, याचा अर्थ मागे पीक उभे आहे आणि ते कापायला माणसे लागणार आहेत.

मंडळीची वार्ता थोडक्यात सांगतो. सणाच्या दिवशी बालकांचे बाप्तिस्मे झाले आणि दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गातील मुलामुलींनी प्रथमच प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस घेतला. मंदिराच्या छपराची दुरुस्ती पूर्ण झाली असून ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचा मी ऋणी आहे. गायनमंडळात दीर्घकाळ सेवा केलेल्या आपल्या एक ज्येष्ठ भगिनी सणाआधीच्या उपवासकाळात प्रभूमध्ये निजल्या. त्यांच्या घरी जाणे थांबवू नका, कारण दफनविधीची गर्दी ओसरल्यानंतरचे आठवडेच घरच्यांना अधिक जड जातात.

आता तरुण संघाने चालविलेल्या उपासनेविषयी, कारण मुख्यतः त्याविषयीच मला लिहायचे आहे. शास्त्रपाठ त्यांनी स्वतः निवडला होता: यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय. ‘मी अजून लहान आहे’ ही यिर्मयाची सबब देव ऐकून घेत नाही आणि त्याच अध्यायात त्याला बदामाची डाहळी दाखवतो. त्या प्रदेशात बदाम हिवाळा पुरता सरण्याआधीच, अंगावर पाने नसताना फुलतो. इतर झाडे जागी होण्याची तो वाट पाहत नाही.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण ‘सर्व आजाऱ्यांकरिता’ असे म्हणून पुढे जातो. या मुलांनी तसे केले नाही. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या घरी ती आदल्या आठवड्यात गेली आणि ‘तुमच्यासाठी काय मागू?’ असे प्रत्येकाला विचारून आली. प्रार्थना करणाऱ्या मुलीच्या हातात वहीचे एक पान होते, दोन्ही बाजूंनी भरलेले आणि खाडाखोड केलेले. एका आजींनी गुडघेदुखीबद्दल काहीच मागितले नव्हते. दृष्टी गेल्यामुळे शास्त्र वाचून दाखवणारे कोणी मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या मुलीने ते वाचले आणि पुढच्याच वाक्यात, आम्ही दोघी दर गुरुवारी जाऊ, असे देवापुढे कबूल केले. माझ्या मते त्या दिवसाचा खरा उपदेश तिथेच झाला.

उपदेश करणाऱ्या तरुणाने मात्र आपल्याला अवघड प्रश्न विचारला. इमारतीसाठी आपल्याकडे समिती आहे, सणासाठी समिती आहे. नोकरी गेलेल्या सभासदाने कोणाकडे जावे? काही वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही, आणि तसे त्यांनी मला मोकळेपणाने सांगितले. त्यांचा मी आदर करतो. परंतु शमुवेलाची गोष्ट त्यांनी पुन्हा वाचावी, अशी माझी नम्र विनंती आहे. शमुवेल या मुलाला हाक मारणारा देव आहे हे वृद्ध याजक एलीने ओळखले, उत्तर कसे द्यावे हे त्यानेच शिकवले, आणि सकाळी जो निरोप आला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. एलीने तो लपवू दिला नाही. बोलायला शिकवणे आणि शिकवल्यावर ऐकून घेणे, ही दोन्ही कामे वडीलधाऱ्यांचीच आहेत, आणि दुसरे अधिक कठीण आहे.

वर्षातून एक रविवार तरुणांना देऊन, टाळ्या वाजवून, सोमवारी किल्ल्या परत घेणे मला मान्य नाही. जॉर्ज विल्यम्सने १८४४ साली लंडनमध्ये सोबतच्या कामगारांना घेऊन वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना सुरू केली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. १८८१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी ख्रिस्ती एन्डेव्हर ही तरुणांची संस्था स्थापन केली, तेव्हा सभासदाकडून प्रत्येक सभेत काही ना काही भाग घेण्याचे वचन घेतले जाई. नुसते येऊन बसण्याची तिथे सोय नव्हती, आणि मला वाटते, मुले टिकली ती त्यामुळेच. ज्याच्यावाचून काही अडत नाही असे माणसाला वाटू लागले, की तो हळूहळू येईनासा होतो. मग आपण मोबाईलला आणि काळाला दोष देत बसतो.

म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाच्या येत्या बैठकीत मी दोन प्रस्ताव मांडणार आहे. तरुण संघाच्या दोन प्रतिनिधींना मताच्या अधिकारासह पंचमंडळात घ्यावे, आणि बेरोजगार सभासदांच्या मदतीसाठी निधी उभारून त्याचा हिशेब ठेवण्याचे काम, एका वडीलधाऱ्या सभासदाच्या देखरेखीखाली, तरुणांकडे सोपवावे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी बैठकीपूर्वी मला अवश्य भेटावे. आणि ज्यांना हिशेब ठेवण्याचा अनुभव आहे, त्यांनी या मुलांना शिकवण्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी.