आधी तो लाल खडूचा कागद बघा

भाची नववीत आहे, यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतेय. रविवारी आली तर वहीत एकही कच्ची रेघ नाही, सगळं थेट ठसठशीत पेन्सिलीनं काढलेलं आणि म्हणून वाकडं. विचारलं तर म्हणते, "मामा, मायकेलअँजेलो कुठे स्केच करायचा? आईनं पाठवलंय, वाच." ताईला हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर मिळाला होता. तोवर मलाही तो तिघांनी पाठवून झाला होता. मथळा 'खऱ्या प्रतिभेला खोडरबर लागत नाही', खाली हात जोडलेले इमोजी.

त्यात लिहिलंय की मायकेलअँजेलोनं रोमच्या सिस्टीन चॅपलचं छत चार वर्षं पाठीवर झोपून, एकही कच्चं चित्र न काढता, थेट मनातून रंगवलं. आणि तिथली ती पाठमोरी, मोठं पुस्तक धरलेली लिबियन सिबिल (सिबिल म्हणजे प्राचीन काळची भविष्य सांगणारी बाई) ही त्याची प्रेयसी, तीच समोर बसायची.

झोपून रंगवण्याचं एका वाक्यात उरकतो. तो छताखाली बांधलेल्या मचाणावर उभा राहून, मान मागे टाकून काम करत होता. या हालांवर त्यानं स्वतःच एक सुनीत लिहिलंय आणि शेजारी हात वर केलेला उभा माणूस काढून ठेवलाय. चार वर्षं मात्र बरोबर, १५०८ ते १५१२.

आता प्रेयसी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे १९२४ पासून एक कागद आहे, जेमतेम ए-फोरएवढा. याच सिबिलचा अभ्यास, लाल खडूत, साधारण १५१०-११ मधला. संग्रहालयाच्या साइटवर फुकट बघायला मिळतो. हात उचललेली, कमरेतून पिळलेली उघडी पाठ. खांद्याच्या फऱ्यापासून बरगड्यांपर्यंत एकेक स्नायू. ही पाठ पुरुषाची आहे, स्पष्ट, धडधडीत पुरुषाची! मॉडेल म्हणजे बहुधा कामावरचाच एखादा शिकाऊ पोरगा. त्या काळी इटलीत बाईनं चित्रकारासमोर असं बसणं लोकांना मानवणारं नव्हतं, म्हणून स्त्रीच्या आकृतीसाठीही हाताखालची पोरंच बसवत.

त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्यानं चेहरा पुन्हा काढलाय, या वेळी थोडा नाजूक, बाईकडे झुकणारा. म्हणजे पोराची सिबिल कशी झाली ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. शेजारी एक हात. आणि डाव्या पायाची बोटं पुन्हा पुन्हा, कारण सगळा भार अंगठ्यावर येतो आणि तो दाबला गेलेला दिसला नाही तर ती बाई पडेल असं वाटेल. छतावर हा पाय खालून वीसेक मीटरवरून दिसतो. ज्याला खोडरबर लागत नाही म्हणता, तो माणूस एका अंगठ्यासाठी इतका घुटमळलाय.

आणि ज्याच्या पाठीवर हे सगळं उभं राहिलं त्याचं नाव कुठेच नाही. फॉरवर्डवाल्यांनी तर त्याला माणूस म्हणूनही ठेवलं नाही, प्रेयसी करून टाकलं. मला राग याचा जास्त आला.

बरं, एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. छताच्या कडेला खिडक्यांवर जे अर्धगोल आहेत, ते त्यानं बहुतेक पूर्ण मापाच्या आराखड्याशिवाय, थेट ओल्या गिलाव्यावर रंगवलेत. पण बाकीच्या मोठ्या आकृत्यांचे आराखडे कागदावर काढून ते छतावर उतरवलेले होते. कुठे रेघेवरून टोकदार हत्यार फिरवून, कुठे रेघेवर भोकं पाडून वरून कोळशाची पूड मारून. आमची आई साडीवर भरतकामाचा छाप असाच उठवायची, फक्त पुडीऐवजी रॉकेलात कालवलेली नीळ. रंग ओल्या गिलाव्यावरच बसतो आणि गिलावा दिवसभरात सुकतो. त्या दिवसाचा तुकडा त्याच दिवशी संपवायचा, नाहीतर खरवडून काढायचा. अशा कामात 'मनातून' म्हणजे काय?

मग ही अफवा आली कुठून? थोडा वाटा खुद्द मायकेलअँजेलोचा. त्याला ओळखणाऱ्या, त्याचं चरित्र लिहिणाऱ्या व्हासारीनं लिहून ठेवलंय की मरण्याआधी त्यानं आपली ढीगभर रेखाटनं जाळली. आपण किती खपलो ते कुणाला दिसू नये म्हणून. १५६४ साली गेलेल्या माणसाची ही युक्ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आजही चालतेय.

भाचीला तो कागद मोठा करून दाखवला. ती बराच वेळ पायाच्या बोटांकडेच बघत होती. मग धाकट्या भावाला स्टुलावर पाठमोरं बसवलं, हातात पोळपाट दिला, पिळून मागे वळायला लावलं आणि टाच उचलायला सांगितली. तो अर्धा मिनिटही टिकला नाही, पोळपाट दाणकन खाली. "ताई, तो कसा बसायचा गं इतका वेळ?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "गप. परत बस. पाय राहिलाय."