देशी गाडी पेट्रोल पिते म्हणे!

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज परवा तिसऱ्यांदा आला: ‘देशी गाडी घेऊ नका. पत्रा जड, पेट्रोल पिते. विदेशी गाडी लिटरमागे तीन किलोमीटर जास्त देते, कंपनीचा आकडाच बघा. महाग पडली तरी पाच वर्षांत वसूल.’ आमचे नागपुरातल्या धंतोलीचे भाचेजावई हे वाचून थेट बुकिंगला निघाले होते. म्हणून हा खटाटोप.

आधी देशी कोण, विदेशी कोण? मारुतीचा कारभार २००२ पासून जपानच्या सुझुकीच्या हाती. तिला कोणत्या रांगेत उभं करायचं? ह्युंदाई कोरियाची, पण बनते चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला. गंमत तर डिझेलच्या जमान्यात होती. मारुतीची स्विफ्ट, टाटाची इंडिका व्हिस्टा, इटलीच्या फियाटची पुंटो, तिघींच्या बॉनेटखाली फियाटचंच १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन! बिल्ले तीन, इंजिन एक. त्यातली कोणती ‘विदेशी म्हणून’ जास्त चालत होती, हे मेसेजवाल्याने सांगावं.

जड पत्र्याचं थोडं खरं आहे. सिग्नलवरून दर वेळी वजन उचलायला पेट्रोल लागतंच. पण वजन मॉडेलचं असतं, देशाचं नाही. आरसीवर ते लिहिलेलं असतं, ताडून बघा.

आता कंपनीचा आकडा. तो निघतो प्रयोगशाळेत. गाडी रोलरवर, एसी बंद, वेग ९० च्या पुढे नाही. मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकात एसी बंद करून उभं राहून दाखवा, मग बोलू. आणि समृद्धीवर १२० ने निघालात, तर ८० च्या मानाने हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. ‘दोन्ही गाड्यांची चाचणी तर सारखीच ना?’ सारखीच, पण छोटं टर्बो इंजिन (जास्तीची हवा कोंबून ताकद काढणारं) रोलरवर शहाण्यासारखं वागतं आणि रस्त्यावर पाय दाबला की ढोसायला लागतं.

मी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवतो. टाकी फुल ते टाकी फुल, असा हिशोब. डिसेंबरात लिटरला साडेसतरा किलोमीटर, मे महिन्यात पावणेपंधरा. गाडी तीच, पंप तोच, ऑफिसचा रस्ताही तोच. मेसेजातले तीन किलोमीटर जवळपास एकट्या उन्हाळ्याने खाल्ले.

वसुलीचं गणितही मांडू. वर्षाला १२,००० किलोमीटर, एक गाडी १७ देते, दुसरी २०. फरक साधारण १०६ लिटर. शंभर रुपये भाव धरला तर १०,६०० रुपये. दोन लाख जास्त मोजले असतील, तर वसुलीला एकोणीस वर्षं लागतील. तोवर गाडी भंगारात!

एक मात्र मानावं लागेल. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी, शहरात खरोखर जास्त देते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद ती बॅटरीत भरते. पण टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा हे तंत्र वाटून घेतात, आणि दोन्ही बनतात कर्नाटकात, बिडदीला.

भाचेजावयांनी विचारलं, “मामाजी, मग घेऊ कोणती?” म्हटलं, मे महिन्यात दुपारी दोनला, एसी फुल, चौघं बसून टेस्ट ड्राइव्ह घ्या. शोरूमवाले म्हणतात, सकाळी आठला या.