विद्यार्थी प्रतिनिधीचं काही?

आमच्या सांगलीच्या कॉलेजात विकास समितीची मीटिंग निघाली की मला बोलावणं येतं. हौसेनं नाही, 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात लिहिलंय की या समितीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव पाहिजेत. मी सचिव. निवडून बिवडून आलेली नाही हं. 1994 च्या कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका घालवल्या, 2016 च्या कायद्यानं परत आणल्या, 2019 ला घ्यायचं ठरलं तर तोंडावर विधानसभा आली म्हणून पुढं ढकलल्या, आणि या ढकलाढकलीत आमच्या ऑफिसातल्या भाऊंनी गुणपत्रकाची फाईल उघडली, वरती माझं नाव दिसलं, झालं. केमिस्ट्रीत बरे मार्क पडले म्हणून मी आता कॉलेजचा विकास करते.

मीटिंग अकराला असते पण मला साडेदहाला बोलवतात, कारण खुर्च्या पुसायच्या असतात आणि शिपाई मामा एकटे पडतात. मग भडंगाच्या डिशा मांडायच्या. सांगलीत मीटिंग आणि भडंग नाही असं होतच नाही. आणि सगळा घोटाळा या भडंगानंच केलाय. दोन तास बजेट, इमारतीचं लिकेज, पार्किंगचे पत्रे, कुणी माझ्याकडं बघतसुद्धा नाही, म्हणून मी आपला एक मोठा बकाणा भरते, आणि नेमकं तेव्हाच संस्थेचे काका चष्म्यावरनं बघत म्हणतात, "विद्यार्थी प्रतिनिधीचं काही?" तोंडात लसूण, शेंगदाणे, मिरची. मी हात वर करते, काकांना वाटतं पोरगी नको म्हणतेय. "बरं, पुढचा विषय."

खरं तर माझा विषय एकच आहे आणि तो साधा आहे. दुपारच्या बॅचचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, आमच्या तासगावकडच्या गावाची एसटी पावणेसहाला, मधे रिक्षावाल्याला हातापाया पडायचं, गाडी चुकली की पुढची आठला. पास काढलाय म्हणून काय गाडी थांबत नाही. प्रॅक्टिकल अर्धा तास अलीकडं घ्या, एवढंच. याला ना पैसा लागतो ना कोल्हापूरहून विद्यापीठाची परवानगी.

एकदा बजेट चालू असताना टेबलाखाली मोबाईलवर वाचलं की इटलीत बोलोन्याला मध्ययुगात विद्यापीठ विद्यार्थीच चालवायचे. रेक्टर त्यांनी निवडलेला. मास्तर उशिरा आला तर मास्तरला दंड. गावाबाहेर जायचं तर आधी डिपॉझिट ठेव, मग जा. आणि नेहमीच्या तासाला पाच पोरंसुद्धा जमली नाहीत तर मास्तर गैरहजर धरून दंड! मी आमच्या शनिवारच्या शेवटच्या तासाचा हिशोब केला, सरांचा अख्खा पगार त्यात जाईल, घरचा ट्रॅक्टर पण जाईल. हसू आलं. समोरच्या मॅडमनी असं बघितलं की मोबाईल दप्तरात गेला.

मीटिंग संपली की सहीला वही येते. त्यात इतिवृत्त आधीच टाईप करून चिकटवलेलं असतं, "विद्यार्थी प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले." तोंडात भडंग असताना समाधान कसं व्यक्त झालं देव जाणे, पण गणपतीच्या गावात काहीही होऊ शकतं.

मग फोटो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलीला जिओटॅगवाला फोटो लागतो, खाली अक्षांश-रेखांश, वेळ, सगळं, आणि त्यात विद्यार्थी दिसला पाहिजे. "तू मधे ये बाळ, मुलगी दिसू दे." दोन तास कोपऱ्यातल्या खुर्चीवर आणि फोटोत डायरेक्ट प्राचार्यांच्या शेजारी. मागच्या खेपेला तर सरांच्या मोबाईलची मेमरी फुल्ल, मॅडमचं लोकेशन पलूस दाखवतंय, चालू ॲप फक्त माझ्या फोनात. सगळे लायनीत उभे, पोटं आत घेऊन. मी म्हटलं, "सर, तेवढं प्रॅक्टिकलच्या टाईमचं बोलायचं होतं, मग काढते की."

शांतता. तोंड रिकामं असताना मी पहिल्यांदाच बोलत होते. काका म्हणाले, "अगं मग आधी बोलायचं नाही का? रास्त मागणी आहे." सगळ्यांनी माना हलवल्या, मी फोटो काढला, छान आला. जागेवरच उपसमिती नेमली, तिची सचिव पण मीच. पहिली मीटिंग परवा ठरलीय, संध्याकाळी साडेपाचला, कारण तेव्हा सगळे सर मोकळे असतात.